आवलीची म्हैस आणि डॉक हॉलिडेचा खोकला

जॉन फोर्डच्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' या १९४६ च्या वेस्टर्नमध्ये डॉक हॉलिडे रुमालात तोंड खुपसून खोकतो आणि शेवटच्या गोळीबारात मरतो. यातला खोकला खरा आहे. मरण खोटं. खराखुरा हॉलिडे ओके कोरलच्या त्या चकमकीतून किरकोळ खरचटण्यावर सुटला, पुढे सहा वर्षं जगला आणि १८८७ मध्ये कोलोरॅडोतल्या ग्लेनवुड स्प्रिंग्ज इथे क्षयानं अंथरुणात गेला. शिवाय तो होता दातांचा डॉक्टर. चित्रपटानं त्याला बढती देऊन सर्जन केलं आणि दारूच्या गुत्त्यातल्या टेबलावर एका बाईचं ऑपरेशन करायला लावलं.

एकदा खोट काढायला बसलं की मग थांबता येत नाही. चित्रपटात नायक वायट अर्पचा सगळ्यांत धाकटा भाऊ जेम्स सुरुवातीलाच मारला जातो आणि त्याच्या कबरीवर १८८२ साल दिसतं. खरा जेम्स हा वायटचा थोरला भाऊ, आणि तो १९२६ पर्यंत जिवंत होता. चकमक झाली ती २६ ऑक्टोबर १८८१ ला, म्हणजे कबरीवरच्या सालाच्या आधी. गावाचा मार्शल वायट नव्हता, त्याचा भाऊ व्हर्जिल होता. चित्रपटात व्हर्जिल चकमकीआधीच पाठीत गोळी खाऊन मरतो, प्रत्यक्षात तो १९०५ साली गेला. अर्प भावांचा वैरी म्हातारा क्लँटन पडद्यावर शेवटी मारला जातो, प्रत्यक्षात चकमकीच्या दोन महिने आधीच तो दुसरीकडे मेलेला होता. आणि टूमस्टोन हे गाव ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळ. फोर्डनं ते उभं केलं उत्तर टोकाच्या मॉन्युमेंट व्हॅलीत, पाचशे किलोमीटरहून जास्त लांब. तिथले लाल सुळके त्याला आवडायचे, एवढंच कारण.

गंमत म्हणजे फोर्ड सांगायचा की ही चकमक कशी झाली ते आपल्याला खुद्द वायट अर्पनंच सांगितलं होतं. वायट १९२९ पर्यंत लॉस एंजेलिसमध्ये होता, मूकपटांच्या सेटवर त्याचं येणंजाणं होतं, तेव्हा भेट अगदीच अशक्य नाही. साक्षीदार असा घरचा मिळाला, तरी भाऊ चुकला, तारीख चुकली, गाव चुकलं.

निगडीच्या यमुनानगरात राहणाऱ्या एका माणसाला असल्या याद्या तोंडपाठ आहेत. तो चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज; ड्रॉइंगवर दिलेली टॉलरन्स आणि समोरचा जॉब यांच्यातला फरक बघायचा, पास किंवा रिजेक्ट. कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर जुने इंग्रजी चित्रपट बघायची त्याला सवय लागली आणि वेस्टर्नवर तो विशेष जडला. बंदूक कुठल्या सालची, रेल्वे तिथे तेव्हा पोचली होती का, हे शोधताना मोशीचा ट्रॅफिक कधी सरला ते कळत नाही. वडिलांना तो उत्साहानं सांगतो, "अण्णा, तो जेम्स अर्प चव्वेचाळीस वर्षं जास्त जगला." अण्णा पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकादशी न चुकवता देहूला जाणारे. त्यांनी एकदा शांतपणे विचारलं, "आणि आपल्या तुकाराम पिक्चरचं काय? तो कधी तपासलास?"

प्रश्न बरोबर जागी लागला. कारण निगडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या गावाची गोष्ट सांगणारा, मराठीतला सर्वांत नावाजलेला चित्रपट असा कुणी फुटपट्टी लावून बघत नाही. 'संत तुकाराम' हा प्रभात फिल्म कंपनीचा चित्रपट १२ डिसेंबर १९३६ ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून जास्त काळ तिथून हलला नाही. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, तो ज्यांनी केला त्यांना देहू कुठे आणि आळंदी कुठे याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. प्रभातचा स्टुडिओ पुण्यात, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे देहू तीसेक किलोमीटरवर, फोर्डच्या टूमस्टोनच्या मानानं उंबऱ्यावरच.

तर आता तपासायला बसू.

सालोमालोपासून सुरुवात करावी, कारण तो सगळ्यांत बनावट वाटतो आणि निघतो अस्सल. भागवत यांनी रंगवलेला हा ढोंगी कीर्तनकार तुकोबांच्या रचना चोरून आपल्या नावावर खपवतो. नाव ऐकून वाटतं, हा पटकथाकारानं हसण्यासाठी घातलेला माणूस. पण गाथेत सालोमालो आहे. दुसऱ्याच्या शब्दांना स्वतःचा शिक्का मारणाऱ्या या इसमावर तुकोबांनी स्वतः अभंग लिहून तोंडसुख घेतलेलं आहे. मात्र चित्रपटातला सालोमालो चोरीवर थांबत नाही. देहूत तुकोबांना छळणाऱ्या मंबाजी गोसाव्याची करणीही त्याच्याच खात्यावर घातली आहे. दोन माणसांचा एक खलनायक केला, हे नाटकवाल्याचं जुनं काटकसरीचं धोरण. रामेश्वर भट्ट मात्र वेगळा ठेवला, आणि तो ठेवला हे बरं केलं. वाघोलीचा हा विद्वान ब्राह्मण, त्याच्या सांगण्यावरून तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, आणि तोच पुढे तुकोबांचा शिष्य झाला. विरोधकच अनुयायी झाल्याची ही घटना सरळ खलनायकाच्या साच्यात बसत नाही.

वय. तुकोबांच्या जन्मसालाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. १५६८, १५७७, १५९८ आणि १६०८ अशी चार सालं मांडली गेली. शेवट मात्र बहुतेकांना मान्य, शके १५७१ ची फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे इसवी सन १६५०. शाळेतलं १६०८ धरलं तर वैकुंठगमनाच्या वेळी तुकोबा बेचाळिशीच्या आसपास. विष्णुपंत पागनीस चित्रपटाच्या वेळी चव्वेचाळीस वर्षांचे. इथे कारखान्याच्या भाषेत बोलायचं तर जॉब टॉलरन्समध्ये आहे.

मग येतो शिवाजी महाराजांचा प्रसंग, आणि चाकणला नोकरी करणाऱ्या माणसाचे कान टवकारतात. कीर्तनाला महाराज आलेत, शत्रूला बातमी लागते, सैनिक येऊन बघतात तर श्रोत्यांत जिकडेतिकडे शिवाजीच शिवाजी. पांडुरंगानं भक्ताची आणि राजाची लाज राखली. ही कथा दामले-फत्तेलालांची नाही. संतचरित्रं रचणाऱ्या महिपतीच्या परंपरेतून ती घरोघरी पोचली, आणि तिच्या प्रचलित रूपात महाराजांना धरायला निघालेले पठाण येतात ते चाकणच्या किल्ल्यातून. महिपती नगर जिल्ह्यातल्या ताहाराबादचा, त्याचा 'भक्तविजय' पूर्ण झाला १७६२ मध्ये, तुकोबांनंतर शंभरावर वर्षांनी. फोर्डला निदान वायट अर्प भेटला होता म्हणायचं. महिपतीला असं कुणी भेटणं शक्यच नव्हतं.

आता सालं लावून बघा. महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे तुकोबा असेतो ते जास्तीत जास्त वीस वर्षांचे, राज्याभिषेकाला अजून चोवीस वर्षं. दोघांची भेट झाली असेल तर ती एका मावळी तरुणाशी झालेली असणार. चाकणचा किल्ला, ज्याला संग्रामदुर्ग म्हणतात, तो दादोजी कोंडदेवांच्या मृत्यूनंतर, १६४७ च्या सुमारास, किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यासकट महाराजांकडे आला होता. मोगल तिथे आले ते १६६० मध्ये, शाहिस्तेखानाबरोबर. जून ते ऑगस्ट, पन्नासहून जास्त दिवस पावसापाण्यात वेढा चालला. शेवटी खानाच्या लोकांनी भुयार खणून बुरूज उडवला तेव्हा किल्ला पडला. खानानं फिरंगोजीला मोगली चाकरी देऊ केली, त्यानं ती नाकारली असं सांगतात. तोवर तुकोबांना जाऊन दहा वर्षं लोटली होती. थोडक्यात, कीर्तनावर चाल करून येणारी फौज ज्या चाकणहून निघाली म्हणतात, ते चाकण त्या वेळी बहुधा आपल्याच बाजूला होतं.

निगडीकरानं हे हिशेब मांडून दाखवले तेव्हा अण्णा म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण ती गोष्ट चाकणची नाहीच, रे. कीर्तनात बसलेल्या माणसाला भीती वाटत नाही, एवढंच सांगायचंय त्यांना." मुलानं वाद घातला नाही. पण या उत्तरानं सगळ्या चुका धुऊन निघतात असंही नाही. संग्रामदुर्गाची आज थोडीफार तटबंदी उरली आहे, खंदकाच्या खुणा आहेत, आणि भोवती चाकणचा बाजार. त्या तटाजवळून रोज कामावर जाणाऱ्या माणसांना चाकणची गोष्ट ठाऊक असते ती चमत्काराची, आणि ठाऊक नसते ती वेढ्याची. ही अदलाबदल कुणाच्या तरी नावावर मांडायला हवी.

आवलीकडे वळलं की तपासनीसाची मोठी पंचाईत होते. परंपरा सांगते की तुकोबांची दुसरी पत्नी जिजाई, म्हणजेच आवली, ही पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची मुलगी. खात्यापित्या घरची लेक, जी दिवाळखोर झालेल्या घरात नांदायला आली. पडद्यावरची आवली, म्हणजे गौरी ही नटी, या कुळाची जराही वाटत नाही. ती शेणात हात घालते, म्हशीशी बोलते, नवऱ्यावर आणि त्याच्या देवावर एकाच स्वरात खेकसते, मुलगा आजारी पडला तर त्याला घेऊन देवळात जाते आणि विठ्ठलाला मारायला पायातली वहाण हातात घेते. गौरी प्रभातमध्ये छोट्या कामांतून वर आलेली, तिनं हे अभिनय म्हणून केलंय असं कुठेच जाणवत नाही. कुलवृत्तान्तावर बोट ठेवून कुणी म्हणावं की सावकाराची मुलगी इतकी रांगडी नसणार, तर त्याला कागदावर उत्तर नाही. पण ज्या बाईच्या घरात दाणा नाही आणि नवरा मिळालेलं वाटून येतो, ती बाई अशीच बोलेल याबद्दल एकाही प्रेक्षकाला नव्वद वर्षांत शंका आलेली नाही. शेवटी गरुडाच्या विमानातून तुकोबा वैकुंठाला निघतात आणि आवली मागे राहते. सदेह वैकुंठगमनाचा वाद बाहेर कितीही रंगो, मागे राहिलेल्या बाईला चूल पेटवायची असते याला कागद लागत नाही. देहूत तुकाराम बीजेच्या दिवशी दुपारी नांदुरकीचं झाड हलतं म्हणून लाखांची नजर त्या फांद्यांवर असते. आवलीकडे बघायचं कुणाला सुचलं असेल तर ते या दोन दिग्दर्शकांना.

इथपर्यंत निगडीकराची यादी नीट चालली होती: हे पास, हे रिजेक्ट, हे सवलतीवर पास. मग पुढची दोन कलमं आली आणि त्याचं गेजच अडकलं.

पहिलं कलम गाण्याचं. चित्रपटात बीज आणि त्यातून वाढणाऱ्या झाडाचा दृष्टान्त देणारं एक गाणं आहे. महाराष्ट्रातल्या कीर्तनांत, शाळांच्या प्रार्थनांत, रेडिओवरच्या सकाळच्या भक्तिगीतांत ते इतकं मुरलं की कुणालाही विचारा, उत्तर येईल, तुकोबांचा अभंग. गाथेत मात्र ते सापडणार नाही. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलं. भाषा, लय, दृष्टान्त घेण्याची ढब, सगळं इतकं तंतोतंत उतरलं की भले भले अभ्यासकही फसले. अण्णांनी हे ऐकून गाथा काढली, अकारविल्हे सूची बघितली, पुन्हा बघितली. "नाही खरंच," ते म्हणाले, आणि बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसले. साठ वर्षं ते हे गाणं तुकोबांचं म्हणून म्हणत आले होते.

दुसरं कलम चेहऱ्याचं. तुकोबांच्या काळातलं त्यांचं चित्र असणार कुठून? आज देव्हाऱ्यांतल्या तसबिरींत, कॅलेंडरांवर, दिंडीच्या फलकांवर जो चेहरा बघायला मिळतो, तो पुष्कळदा विष्णुपंत पागनीसांचा असतो. रंगभूमीवर एकेकाळी स्त्रीभूमिका करणारा हा गायक नट, त्याच्या हालचाली फार नाजूक आहेत म्हणून सुरुवातीला कंपनीत कुरबुर झाली असं सांगतात. चित्रपट लागला आणि लोक त्यांच्या पाया पडू लागले. नट गेला, फोटो राहिला, आणि फोटोवरून चित्रं काढली गेली.

टूलरूममधल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. कारखान्यात गेजसुद्धा ठरावीक मुदतीनं मास्टरशी ताडून बघतात, कॅलिब्रेशन करतात. उद्या कुणी तयार झालेल्या जॉबवरूनच गेज बनवलं, तर त्यानंतर प्रत्येक जॉब बरोबरच निघेल. पागनीसांच्या चेहऱ्याचं नेमकं असंच झालं. पुढच्या कुठल्याही तुकारामाला लोक पहिला प्रश्न विचारणार, हा तुकारामासारखा दिसतो का? आणि 'तुकारामासारखा' म्हणजे १९३६ च्या पागनीसांसारखा. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'तुकाराम' केला, त्यात जितेंद्र जोशी होता. तिथे पहिली पत्नी रखमाबाई आहे, दुष्काळ आहे, चमत्कारांऐवजी माणसावर भर आहे. इतिहासाच्या अंगानं बघितलं तर तो अनेक बाबतींत जास्त जबाबदार. तरी कॅलेंडरवरचा चेहरा बदलला नाही. डॉक हॉलिडे जिवंत करणं सोपं, त्याचे खरे फोटो उपलब्ध आहेत, मृत्यूची नोंद आहे. पागनीसांना तसबिरीतून काढायचं तर त्या जागी ठेवायचं काय?

गाण्याचं तसं नाही. गाण्याला ताडायला गाथेचा मास्टर आहे, आणि तो जपण्यात चाकणचा हात आहे. चाकणचे तेली संताजी जगनाडे हे तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांच्या अभंगांचे लेखनिक. समाधी सुदुंबऱ्याला, तळेगाव-चाकण पट्ट्यातच. २००९ मध्ये टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. चित्रपटात बुडवलेल्या वह्या इंद्रायणी देवी होऊन वर आणून देते, तेरा दिवसांच्या उपोषणानंतर. दृश्य सुंदर आहे, आणि त्याला कुणी गेज लावू नये. पण वह्या बुडाल्या तरी शब्द बुडाले नाहीत, याचं एक अगदी जमिनीवरचं कारण चाकणात घाणा चालवत होतं आणि रात्री लिहीत होतं. संताजींच्या हातच्या वह्यांच्या आधारे ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भाव्यांनी १९१९-२० च्या सुमारास गाथा छापली आणि तिला नावच दिलं 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा'. त्याआधी १८६९ ते ७३ या काळात शंकर पांडुरंग पंडितांनी वेगवेगळ्या हस्तलिखितांवरून पाठ ठरवून गाथा छापून घेतली होती, आणि १९५० मध्ये सरकारनं त्रिशताब्दीला आपली आवृत्ती काढली, साडेचार हजारांवर अभंगांची. प्रत्येक वेळी कुणीतरी बसून विचारत होतं, हा शब्द त्यांचा का? ही ओळ मागाहून कुणी घातलेली नाही ना? सालोमालोवरची तुकोबांची तक्रार नेमकी याचसाठी होती.

निगडीकर आता सुट्टीच्या दिवशी वेस्टर्न कमी बघतो. भामचंद्राच्या डोंगरावर तो एकदा वडिलांना घेऊन गेला. तुकोबांना जिथे साक्षात्कार झाला असं मानतात तो हा डोंगर, आणि पायथ्याशी चाकण एमआयडीसीच्या शेड जवळजवळ भिडलेल्या. याच परिसरात २००८ मध्ये वारकऱ्यांनी एका रासायनिक प्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटवलं होतं. वरून बघत त्याचं मन मात्र चित्रपटातच होतं. आज कुणी इथे तुकोबांचं एकांताचं दृश्य घ्यायला आलं तर कॅमेरा कुठल्या दिशेला ठेवेल, हे तो मोजत होता. उत्तरेला पत्रे, दक्षिणेला हायटेन्शनच्या तारा, पश्चिमेला थोडी मोकळी माळरानं. "तिकडून घेता येईल," तो म्हणाला. अण्णा म्हणाले, "आणि संताजीचा सीन?" मग दोघं उतरेपर्यंत त्यावरच बोलत राहिले. घाणा लाकडी की दगडी, बैल एक की दोन, रात्री लिहायला दिवा कुठल्या तेलाचा, कागद जुन्नरचा की आणखी कुठला, आणि तेलाचे हात पुसून बोरू धरणारा माणूस मोडी लिहील की बाळबोध.